एक नग खराब

गल्ल्यावर मी होते, बाकी सगळे स्टेजवर.
कर्वेनगरच्या मैदानात शाळेचं बाक आडवं टाकून
अडीचशे काळे टी-शर्ट. पाठीवर पांढऱ्यात उलटा पंखा;
बँडचं नावही तेच.
किंमत एकशेऐंशी, त्यातले साठ
ससूनमागच्या धर्मशाळेला, जिथे पेशंटची माणसं
एका बादलीत आठवड्याचे कपडे पिळायची.

हेरंब माइकवर एवढंच म्हणाला,
"शर्ट विकत घ्या, आवाज फुकट आहे."
रॉयस्टननं काड्या आपटल्या
आणि शेजारच्या सोसायटीतले दिवे एकेक करून लागले.

पुण्यात माणूस देतो. आधी विचारतो.
"दोन घेतले तर?"
"शर्ट नको, साठच देतो,
पावती मात्र एकशेऐंशीची मिळेल का?"
मुलीला न्यायला आलेल्या एक काकू
कापड चिमटीत धरून म्हणाल्या,
"सुती आहे ना? फरशीला बरं पडेल."
मी लिहिलं : नग एक, रोख.
देहूरोडहून सायकल मारत आलेल्या पोरानं
सगळी नाणी बाकावर ओतली,
अंगातल्या शर्टावरच शर्ट चढवला
आणि किमतीची चिठ्ठी मानेशी लोंबत तसाच गर्दीत घुसला.
मी हाक मारली. त्या गोंगाटात
माझी हाक मलाही ऐकू आली नाही.

गाणी मी नीट ऐकलीच नाहीत, खरं सांगायचं तर.
शाहीनचा बास मला कळला तो
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून :
प्रत्येक ठोक्याला आतली चिल्लर
अंगात आल्यासारखी थरथरायची.

दोनशे चौदा गेले. बारा हजार आठशे चाळीस.
कपडे धुण्याचं मशीन तेरा हजारांचं.
टिळक रोडवरच्या दुकानदारानं वरचे एकशेसाठ सोडले,
बदल्यात मुलासाठी एक शर्ट मागितला.
चौतीस उरले, ते धर्मशाळेतच वाटून टाकले.
मशीन पहिल्यांदा फिरलं तेव्हा रॉयस्टन
पत्र्याला कान लावून बसला होता.
म्हणाला, "साला, माझ्यापेक्षा तालात आहे."

हिशेब जुळतो, अजून वही आहे.
दोनशे चौदा, एक, चौतीस,
आणि शेवटच्या ओळीत : खराब, नग एक.

तो खराब नव्हता.
दुसऱ्या गाण्यानंतर हेरंबनं अंगातून काढून
माझ्याकडे फेकला होता, "ठेव जरा."
त्यानं परत मागितला नाही. मी दिला नाही.
धुतलाही नाही, पहिली दोन वर्षं.
एकोणीस वर्षांची मुलगी काय काय खराब म्हणून लिहील
त्याचा नेम नाही.

आता हेरंब रावेतला फ्लॅट विकतो.
दिवाळीला सगळ्यांना एकच मेसेज पाठवतो, त्यात मीही असते.

गेल्या महिन्यात दिरांना ससूनला ठेवलं होतं.
डबा देऊन मागच्या गल्लीनं निघाले,
तर धर्मशाळेच्या पायरीवर एक म्हातारे
पाठमोरे बसून विडी चोळत होते.
पाठीवर विरलेला, करडा पडलेला पंखा,
एक पातं पार धुऊन गेलेलं.
शर्ट कुठून आला त्यांनाही सांगता येईना.
कुणीतरी जाताना खुंटीवर सोडला होता.
मी बघतेय म्हटल्यावर त्यांनीच विचारलं,
"बाई, ह्यो कंचा पक्ष?
आमच्या जामखेडला पंखा उभा नव्हता कधी."

"पुण्यापुरताच होता, काका."

"आला का निवडून?"

"नाही. डिपॉझिट गेलं."

म्हाताऱ्यांनी मान हलवली, माझ्याच घरचं कुणी गेल्यासारखी.
मग शर्टाची कड दोन बोटांत धरून,
त्या काकूंनी धरली होती तशीच,
म्हणाले, "कापड मातुर झ्याक दिलं व्हतं."

दाराशी देणगीची पेटी होती.
माझे साठ रुपये बाकी. पर्समध्ये पाचशेची एकच नोट.
मी उभी राहिले.
पेटीकडून सुटे मिळत नाहीत.
आत मशीन चालू होतं, आता दुसरं, कुणा दुसऱ्यांनी दिलेलं,
आणि माझ्या हातातल्या रिकाम्या डब्यात
चमचा हलत होता.